काचेच्या पेपरवेटची पारख

जुन्या वस्तूंच्या दुकानात मांडलेले काचेचे पेपरवेट घ्यावे की नाही, हा निर्णय बहुतेक ग्राहक आतल्या फुलांच्या देखणेपणावर किंवा दुकानदाराने सांगितलेल्या सालावर सोपवतात. परंतु या वस्तूचा इतिहास पाहिला, तर हे दोन्ही आधार कच्चे ठरतात आणि अधिक भरवशाची साक्ष देतात ती तिचा तळ, तिचे वजन आणि तिच्या पोटातील रंगीत काचेची घडण. संग्राहक ज्यांना अभिजात मानतात त्या पेपरवेटांचा काळ मुळातच तोकडा आहे. १८४५ साली व्हिएन्ना येथे भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनात व्हेनिसचे काचनिर्माते पिएत्रो बिगालिया यांनी आपली पेपरवेटे मांडली, पॅरिसचे प्राध्यापक युजेन पेलिगो यांनी ती पाहून तेथील व्यापारी मंडळाला अहवाल दिला, आणि त्याच वर्षाचा आकडा घातलेली पेपरवेटे फ्रान्समधील सँ-लुई कारखान्यातून बाहेर पडली. पाठोपाठ बकारा आणि पॅरिसलगतचा क्लिशी हे कारखाने या कामात उतरले. पत्रव्यवहार वाढलेला असल्यामुळे दौत-टाकाच्या जोडीने विकली जाणारी ही शोभेची वस्तू झपाट्याने खपली आणि १८६० च्या सुमारास तिची लाट ओसरलीही. एवढ्या थोड्या वर्षांत झालेल्या कामाला पुढे इतके मोल आले, की क्लिशीच्या एका पेपरवेटला लिलावात २,५८,५०० डॉलर मिळाले. नकला होण्याचे कारणही तेच.

अस्सल आणि नक्कल यांतील फरक ओळखायचा, तर आधी ही वस्तू घडते कशी ते समजून घ्यावे लागते. मिलेफिओरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात रंगीत काचेचा वितळलेला गोळा चांदणीच्या किंवा पाकळीच्या आकाराच्या लोखंडी साच्यात दाबतात, त्यावर दुसऱ्या रंगाचा थर चढवून तो पुन्हा वेगळ्या साच्यात घालतात, आणि असे काही थर झाले की दोन कामगार त्या मऊ गोळ्याची दोन टोके धरून एकमेकांपासून दूर चालत जातात. ताणला जाणारा गोळा पेन्सिलीहून बारीक अशी लांबच लांब कांडी होतो आणि आतली नक्षी न विस्कटता त्याच प्रमाणात आक्रसते. अळूवडीचा उंडा कुठेही कापला तरी प्रत्येक चकतीवर तीच गुंडाळी दिसावी, तशी ही कांडी आडवी कापली की प्रत्येक तुकड्यावर तेच फूल उमटते. हे तुकडे हाताने एकेक करून मांडायचे, तापवायचे, वितळलेल्या पारदर्शक काचेने उचलायचे आणि वर घुमट चढवायचा, असा पुढचा क्रम असतो. रंगीत आणि पारदर्शक काच थंड होताना सारख्या प्रमाणात आकुंचन पावली नाही, तर आत तडा जातो. म्हणून प्रत्येक रंगाचे मिश्रण त्या बेताने करावे लागे आणि तयार वस्तू भट्टीत अतिशय सावकाश निववावी लागे. याखेरीज दिव्याच्या ज्योतीवर काच वाकवून केलेली फुले-फळे आत बसवण्याचा लॅम्पवर्क हा प्रकार आहे, आणि पांढऱ्या मातीची उठावदार प्रतिमा काचेत कोंडण्याचा सल्फाइड हा तिसरा.

पोटातील साल हा ग्राहकाला सर्वांत मोहात पाडणारा पुरावा असतो. बकाराच्या काही पेपरवेटांत ‘बी’ हे अक्षर आणि १८४६ ते १८४९ यांपैकी एखादे साल अस्सलपणे आढळते. पण ‘१८४८’ असा आकडा असलेली जी इंग्लिश पेपरवेटे आणि दौती दीर्घकाळ लंडनच्या व्हाइटफ्रायर्स कारखान्याच्या नावावर खपल्या, त्या विसाव्या शतकात बर्मिंगहॅममध्ये तयार झाल्याचे आता अभ्यासक मानतात. आकडा ही शेवटी आणखी एक कांडीच असते आणि ती कोणालाही, केव्हाही ओढता येते. याउलट बकारा गावात १९५१ साली, महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या चर्चच्या कोनशिलेत १८५३ चे एक पेपरवेट सापडले. तेथे आकड्यावर विश्वास ठेवता येतो, कारण ती वस्तू कोठे आणि केव्हापासून होती हे दगडानेच सिद्ध केले. दुकानातल्या वस्तूला असा पाठीराखा क्वचितच असतो.

म्हणून पेपरवेट हातात घेतल्यावर ते आधी उलटे करावे. घुमट हे बहिर्गोल भिंगच असल्याने वरून सारे काही मोठे आणि मोहक दिसते, तर तळ काहीच झाकत नाही. दीडशे वर्षे मेजावर सरकलेल्या वस्तूच्या तळाशी, जेवढा भाग पृष्ठभागाला टेकतो तेवढ्याच कडेवर, वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या दिशांनी पडलेल्या बारीक ओरखड्यांचे वलय तयार होते. समांतर, सारख्या खोलीचे, खोलगट भागातही शिरलेले ओरखडे दिसले, तर वस्तू पॉलिशपेपरवर घासून म्हातारी केली आहे असे समजावे. त्यानंतर वजन पाहावे. त्या फ्रेंच कारखान्यांच्या काचेत शिसे भरपूर असे आणि अशा काचेची घनता पाण्याच्या सुमारे तिप्पट असते, तर साध्या सोडा-काचेची अडीचपट. ताणकाट्याला दोऱ्याने टांगलेले ४८० ग्रॅमचे पेपरवेट पाण्यात पूर्ण बुडवल्यावर ३२० ग्रॅम भरले, तर घटलेल्या १६० ग्रॅमने ४८० ला भागून तीन हे उत्तर येते. त्याच आकाराचे सोडा-काचेचे पेपरवेट हवेतच ४०० ग्रॅमच्या आसपास भरेल. १९३० च्या दशकात चीनमधून आलेल्या फ्रेंच नकला या कसोटीवर सहसा उघड्या पडतात. मात्र विसाव्या शतकातही शिशाच्या काचेची उत्तम पेपरवेटे झाली असल्याने ही कसोटी नकार ठामपणे देते, होकार नव्हे.

होकारासाठी कांड्यांकडेच वळावे लागते. बकाराचे व्यवस्थापक तूसाँ यांच्या नात्यातील एमिल ग्रिदेल या मुलाने कागदातून कापलेल्या प्राण्यांच्या आकृत्यांवरून तेथे बकरा, हत्ती, कोंबडा यांच्या छायाकृतींच्या कांड्या केल्या गेल्या. क्लिशीची ओळख म्हणजे पाकळ्या एकमेकींवर मिटलेल्या गुलाबाची कांडी. भिंगाखाली या आकृतींच्या कडा अस्सल कामात रेखीव दिसतात, नकलेत रंग एकमेकांत उतरलेले असतात. हे डोळ्यांना शिकवण्याचे काम पुस्तकांनी आणि संग्रहालयांनी केले आहे: इव्हँजेलिन बर्गस्ट्रॉम यांनी १९४० साली जुन्या पेपरवेटांवर ग्रंथ लिहिला आणि त्यांचा संग्रह आज अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, नीना येथील संग्रहालयात पाहता येतो. ज्या अनाम हातांनी तांदळाच्या दाण्याएवढा कोंबडा काचेत ओढला, त्यांच्या कामाला खरा न्याय अशा बारकाईनेच मिळतो.

दोष आढळला म्हणून खरेदी सोडण्याचे कारण नाही. वरच्या टवक्यांमुळे घुमट पुन्हा घासलेला असेल, तर फुले पृष्ठभागाजवळ येतात आणि भिंगाचा परिणाम कमी होतो. अशा वस्तूची किंमत कमी असावी, एवढेच. कारखान्याचे नाव सिद्ध होत नसेल, तर नावाचे पैसे न देता दिसते त्या कारागिरीचे द्यावेत आणि दुकानदार जो दावा करतो तो पावतीवर लिहून मागावा. लिहून देण्यास त्याची तयारी नसेल, तर भाव त्या प्रमाणात खाली यायला हवा. मुंबईच्या चोर बाजारात अशी खरेदी करून वस्तू परदेशी नेऊ पाहणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी: १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर किंवा त्याहून अधिक वर्षे जुनी कलावस्तू पुरावस्तूत मोडू शकते आणि पुरावस्तू देशाबाहेर नेण्याची मुभा खासगी व्यक्तीला नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल, तर तसा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून मिळतो, आणि तो प्रवासाच्या पुरेसा आधी मागावा लागतो.