स्वतःचा टॅग, साधी जावास्क्रिप्ट

वेब कंपोनंटचं नाव काढलं की ‘म्हणजे आधी रिअ‍ॅक्ट शिकायचं?’ हा प्रश्न ठरलेला. मुळीच नाही. एचटीएमएलएलिमेंटवरून आपला क्लास काढा, टॅगचं नाव देऊन ब्राउझरकडे त्याची नोंद करा, झालं. समजा, रकमेचा टॅग हवाय. अ‍ॅट्रिब्यूटमध्ये १२५०००० दिले, ब्राउझरच्याच नंबरफॉर्मॅटला भाषा मराठी सांगितली, की पानावर १२,५०,००० उमटतात. नावात जोडरेघ मात्र हवीच; उद्या एचटीएमएलमध्ये नवा टॅग आला तरी नावांची टक्कर होत नाही. आणि पहिलं अक्षर रोमन लिपीतलंच लागतं, त्यामुळे ‘रक्कम-दाखव’ची हौस तूर्त बाजूला ठेवा.

‘सगळीकडे चालत नाही’ ही तक्रारही शिळी झाली. क्रोममध्ये २०१६, सफारीत २०१७ आणि फायरफॉक्समध्ये २०१८ पासून सोय आहे. फक्त तयार बटणाच्या टॅगलाच नवे गुण चिकटवायचे म्हटलं, तर सफारी अजून अडून बसते.

टॅगच्या आतली रचना आणि स्टाइल पानापासून वेगळी ठेवणारा कप्पा म्हणजे शॅडो डॉम. त्याच्याभोवती सर्वाधिक गैरसमज आहेत. तो सक्तीचा नाही. आपल्या रकमेच्या टॅगला तर त्याची गरजच नाही. तो घेतला तरी फॉन्ट, रंग आणि सीएसएस व्हेरिएबल बाहेरून आत झिरपतातच. ‘क्लोज्ड’ लिहिलं म्हणजे कुलूप लागलं, असंही नव्हे. आधी चाललेली स्क्रिप्ट हा कप्पा जोडणारी अटॅचशॅडो मेथडच बदलून ठेवू शकते. तिथे गुपितं ठेवू नयेत.

खरी गोची कनेक्टेडकॉलबॅकची. तो एकदाच चालतो, असं अनेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात टॅग पानात जितक्यांदा येईल तितक्यांदा तो चालतो. दर मिनिटाला भाव ताजा करणारा टायमर तुम्ही त्यात लावलात आणि कुणी तक्त्याच्या ओळी रकमेनुसार लावल्या, तर ओळी हलतात, टॅग निघून पुन्हा बसतात आणि दर क्लिकला टॅगमागे एक टायमर वाढतो. एरर येत नाही, पान नुसतं जड होत जातं. टॅग पानातून निघताना चालणाऱ्या डिस्कनेक्टेडकॉलबॅकमध्ये टायमर बंद करणं हाच उपाय.

अ‍ॅट्रिब्यूट बदललं की टॅग आपोआप बदलेल, हीदेखील भाबडी आशा. ऑब्झर्व्ह्डअ‍ॅट्रिब्यूट्सच्या यादीत नाव नसेल, तर ब्राउझर तुम्हाला कळवतच नाही. शिवाय अ‍ॅट्रिब्यूटमध्ये मावते ती फक्त स्ट्रिंग. अख्खी यादी द्यायची तर प्रॉपर्टी वापरावी.