टाकीत पाणी किती?

निवृत्तीनंतर शिडाच्या बोटीतून बेटाबेटांवर हिंडायचं, हे खूळ मी बोलून दाखवलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आधी नळाला पाणी कधी येणार ते बघा." मी जालन्याचा, पाटबंधारे खात्यातला. उभा जन्म तलावांच्या पातळ्या मोजण्यात गेला.

पण वाचत गेलो तसं वाटलं, जालनेकराला हे आयुष्य परकं नाही. बोटीच्या टाकीत गोडं पाणी जेमतेम तीन-चारशे लिटर. भांडी, आंघोळ खाऱ्या पाण्यात. पिण्याचं तांब्यानं मोजून. २०१२-१३च्या दुष्काळात आम्ही टँकरची वाट बघत होतो, तेव्हाच नौदलाचे अभिलाष टॉमी 'म्हादेई'वरून एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करत होते. परतीच्या वाटेवर त्यांच्या पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळलं आणि पावसाचं पाणी धरायची वेळ आली. आमच्याकडे तेवढा पाऊसही नव्हता!

'म्हादेई' ही ५६ फुटी शिडाची बोट गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधली. तिच्यावरूनच २००९-१० मध्ये दिलीप दोंदे एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. मला मात्र या प्रदक्षिणेमागचा म्हातारा आवडतो. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी १९८३ मध्ये निवृत्त झाले आणि राहिले कुठं, तर फलटणजवळच्या विंचुर्णीत. तिथल्या माळावर बसून त्यांनी या मोहिमेचा ध्यास घेतला. दोंदे निघाले तेव्हा आवटींनी ऐंशी ओलांडली होती.

वाऱ्याचं गणित सोपं आहे. उष्ण कटिबंधात व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, म्हणून फिरस्ते सहसा पश्चिमेची वाट धरतात. कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचे. आपल्याकडे पावसाळ्यात बोट बंदरातच बरी. वेग ताशी नऊ-दहा किलोमीटर, म्हणजे सायकलपेक्षा कमी. कोचीहून सुमारे चारशे किलोमीटरवरच्या, लक्षद्वीपमधल्या कवरत्तीला दोन दिवस, दोन रात्री लागतात. नवरा-बायकोनं पाळीपाळीनं जागायचं. लक्षद्वीपला परवानाही आधी काढावा लागतो.

माझ्यासारखं खूळ कुणाला असेल, तर बोटीची किंमत नंतर विचारा. आधी पोहायला शिका आणि महिनाभर घरचा नळ बंद ठेवून बघा.