घराचे काम कोणाच्या हाती द्यावे?

— ऊस विकास अधिकारी



गळीत हंगाम आटोपला, उसाचे बिल बँकेत जमा झाले, की गावोगावी घरांची कामे निघतात. कुणाला माळवद उतरवून स्लॅब टाकायचा असतो, कुणाला परसात न्हाणीघर आणि संडास बांधायचा असतो, तर कुणाला मुलाच्या लग्नाआधी एक खोली वाढवायची असते. मृगाच्या आत काम उरकायचे म्हणून सगळ्यांची एकदमच घाई होते. गवंडी आणि ठेकेदार यांना मागणी वाढते आणि मग जो भेटेल त्याच्या हाती पैसे दिले जातात. वर्षभराच्या घामाचा पैसा अशा घाईत अडकू नये, म्हणून या अंकात खत-पाण्याऐवजी हा विषय घेतला आहे.

बेणे घेताना आपण काय करतो? विकणाऱ्याच्या बोलण्यावर न जाता प्लॉटवर जातो, डोळे बघतो, वय विचारतो, काणी किंवा गवताळ वाढ आहे का ते पाहतो. ठेकेदार निवडतानाही हीच रीत ठेवावी.

१. जुने काम पाहा

ठेकेदाराने केलेली निदान तीन कामे पाहावीत. त्यांतली दोन तरी एक-दोन पावसाळे काढलेली असावीत. नवा रंग दिलेले घर सगळ्यांचेच चांगले दिसते. गळती, ओल, गिलाव्याची भेग हे सगळे पावसानंतर कळते. घरमालक पाहुणा म्हणून भिडेने चांगलेच बोलेल. त्या घरातल्या माउलीला विचारा. कुठल्या कोपऱ्यात बादली ठेवावी लागते, न्हाणीतले पाणी कुठे तुंबते, हे ती बरोबर सांगते. आणखी दोन प्रश्न विचारावेत: ठरल्या तारखेला काम संपले का? आणि मध्येच माणसे दुसऱ्या कामावर नेली का?

२. ‘नाही’ म्हणणारा माणूस बरा

जुन्या घराच्या दुरुस्तीत खरी पारख इथे होते. दगड-मातीच्या भिंती, वर माळवद, आणि मालक म्हणतो, ‘एवढं माळवद काढून स्लॅब टाकून द्या.’ जो ठेकेदार लगेच ‘टाकू की!’ म्हणतो, त्याच्यापासून सावध राहावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात माणसे मेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदे अंगावर पडून. मातीतल्या भिंतीवर स्लॅबचे ओझे ठेवायचे की वेगळे खांब उभारायचे, हे जाणकार बांधकाम अभियंत्याने ठरवायचे असते. मधली भिंत काढून खोली मोठी करतानाही तेच. ‘आधी इंजिनिअरला दाखवू, मग बोलू’ असे म्हणणारा माणूस तुमचे काम चार दिवस लांबवील, पण घर राखील.

३. दर कशाचा, ते लिहून घ्या

काम मजुरीवर आहे की मालासह, हे आधी स्पष्ट करावे. ‘चौरस फुटाला अमुक’ एवढ्यावर सौदा करू नये. त्या दरात गिलावा, फरशी, टाकी, पाडकाम आणि राडारोडा उचलणे धरले आहे का? छज्जा मोजायचा का? गिलाव्याच्या मापातून दारे-खिडक्या वजा होणार का? भांडणे बहुधा याच बारीक गोष्टींवरून होतात. तीन ठेकेदारांकडून एकाच कामाची एकाच पद्धतीने यादी घ्यावी, म्हणजे दराची तुलना करता येते. एखाद्याचा दर फारच कमी असेल, तर त्याने काय सोडले आहे ते शोधावे.

कामाची यादी, दर, मापाची रीत, सुरू होण्याची व संपण्याची तारीख आणि हप्ते एवढे कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. भावकीतला माणूस असला तरी लिहावे. लिहिल्याने नाते तुटत नाही. उलट न लिहिल्यामुळेच पुढे बोलणे बंद होते.

४. पैसा कामाच्या मागे चालावा

ही या लेखातली मुख्य गोष्ट आहे. उचल घेऊन टोळी आलीच नाही, याचा चटका आपल्या भागात अनेकांनी सोसला आहे. बांधकामातही तसेच होते. झालेल्या कामापेक्षा दिलेला पैसा जास्त झाला, की ठेकेदाराचे पाय दुसऱ्या साइटकडे वळतात. समजा मजुरीचे काम २,००,००० रुपयांना ठरले. हप्ते असे पाडावेत:

सुरुवातीला २०,००० रुपये
पाडकाम होऊन भिंती उभ्या राहिल्यावर ५०,०००
स्लॅब पडल्यावर ६०,०००
गिलावा झाल्यावर ३०,०००
फरशी व किरकोळ कामे झाल्यावर २०,०००
पहिला चांगला पाऊस पडून गळती नाही अशी खात्री झाल्यावर उरलेले २०,०००

शेवटची रक्कम हातात ठेवण्याचे आधीच लिहिलेले असावे. मागाहून अडवणूक करू नये. काम झाले की ठरलेला हप्ता त्याच दिवशी द्यावा, कारण त्याला मजुरांचा आठवड्याचा पगार भागवायचा असतो. शक्यतो बँकेमार्फत द्यावा. रोख दिल्यास पावती घ्यावी.

५. मोजल्याशिवाय माल घेऊ नये

ऊस काट्यावर जातो तेव्हा आपण वजन पाहतो. वाळू-खडी मात्र ‘ट्रॉलीभर’ म्हणून उतरवून घेतो. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. ट्रॉलीत माल १० फूट लांब, ६ फूट रुंद, २ फूट उंच भरला असेल तर तो १२० घनफूट, म्हणजे १.२ ब्रास. ओलसर वाळू फुगून जास्त दिसते, हेही ध्यानात ठेवावे. १२ मीटर लांबीच्या सळईचे वजन ८ मि.मी. जाडीला सुमारे ४.७ किलो, १० मि.मी. ला ७.४ किलो आणि १२ मि.मी. ला १०.७ किलो भरते. यापेक्षा फार कमी भरली तर माल परत करावा.

६. पाण्यावरून माणूस ओळखा

काँक्रीट ओतायला सोपे जावे म्हणून त्यात भसाभस पाणी ओतणारा मिस्त्री स्लॅब कमजोर करतो. एक, दीड, तीन या मिश्रणाला ५० किलोच्या एका पोत्यामागे ३० लिटरहून जास्त पाणी नको. स्लॅब आवळल्यानंतर मात्र पाणी सढळ हाताने मारावे. बाजारात मिळणाऱ्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस आणि कडक उन्हाळ्यात १४ दिवस स्लॅब ओला राहिला पाहिजे. म्हणजे जिथे पाणी कमी हवे तिथे जास्त आणि जिथे जास्त हवे तिथे कमी, अशी उलटी तऱ्हा दिसली की हटकावे.

सेंटरिंगचेही तसेच. आय.एस. ४५६ या मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस काढायचे नसतात. मिश्र सिमेंटला आणखी थांबावे. प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्यात म्हणून घाई केली जाते. ती चालू देऊ नये.

७. तरीही बिघडले तर

आधी गावातल्या दोन जाणत्यांना बसवून कागद पुढे ठेवावा. तेवढ्याने भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. घरबांधणी ही त्या कायद्यात सेवा धरली आहे. त्यामुळे सदोष किंवा अर्धवट कामाबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पण तिथे तोंडी बोलणे चालत नाही. करार, पावत्या, बँकेच्या नोंदी आणि कामाचे फोटो लागतात. म्हणून हे सगळे एका पिशवीत जपून ठेवावे.

बंधूंनो, चांगले ठेकेदार आपल्याच गावांत आहेत, आणि मोजमाप व लिखापढी त्यांनाही हवीच असते. कागद म्हटल्यावर जो रागावतो, त्याला राम राम करून पुढचे दार ठोठावावे. मृग गाठला नाही तरी चालेल. जुन्या छपरावर ताडपत्री टाकून आणखी एक पावसाळा काढता येतो, पण बुडालेल्या बिलाचा ऊस पुन्हा तोडता येत नाही.