दूरच्या दावेदाराचे भय : नागपूरची गादी, अप्पासाहेब भोसले आणि जबलपूरची वाट

बरगी (जबलपूर) : महाकाव्य असो वा आधुनिक कल्पितकथा, सिंहासनावर बसलेल्या राजाला समोरच्या शत्रूपेक्षा दूरदेशी असलेला दावेदार अधिक अस्वस्थ करतो. गोकुळात वाढणाऱ्या बालकासाठी मथुरेतील कंस पूतनेला पाठवतो. अज्ञातवासातील पांडवांचा माग काढण्यासाठी दुर्योधन दाही दिशांना हेर धाडतो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधील राजा रॉबर्ट समुद्रापार राहणाऱ्या निर्वासित राजकन्येला दिवस गेल्याचे कळताच तिच्या हत्येचा आदेश देतो आणि त्याचा प्रधान त्यास विरोध करतो. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील गोंडोरचा कारभारी डेनेथॉर तर उत्तरेकडून येणाऱ्या वारसाचा हक्कच मानण्यास नकार देतो.

या कथांमधील प्रश्न एकच आहे. ज्याच्याजवळ फौज नाही, खजिना नाही आणि जो शेकडो कोस दूर आहे, त्याचे सत्ताधीशाला भय का वाटावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी कल्पित राज्यांत जाण्याची आवश्यकता नाही. नर्मदाकाठच्या बरगीवरून जाणारा नागपूर-जबलपूर मार्ग ज्या दोन शहरांना जोडतो, त्यांच्या इतिहासातच ते सापडते.

कैदी निसटला

नागपूरचे दुसरे रघूजी भोसले मार्च १८१६ मध्ये निधन पावले. त्यांचे पुत्र परसोजी राज्यकारभारास असमर्थ असल्याने चुलतबंधू मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब यांच्या हाती कारभार आला. मे १८१६ मध्ये अप्पासाहेबांनी ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजींचा मृत्यू झाला आणि अप्पासाहेब गादीवर आले. मात्र त्याच वर्षी पेशवे दुसरे बाजीराव यांनी पुण्यात युद्ध पुकारल्यानंतर नागपुरातही ठिणगी पडली. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि डिसेंबरमध्ये नागपूर कंपनीच्या ताब्यात गेले.

कंपनीने अप्पासाहेबांना जानेवारी १८१८ मध्ये पुन्हा गादीवर बसवले. परंतु ही व्यवस्था जेमतेम दोन महिने टिकली. गुप्त पत्रव्यवहाराचा ठपका आणि परसोजींच्या हत्येचा आरोप ठेवून रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांनी मार्चमध्ये त्यांना अटक केली. त्यांना अलाहाबाद येथे नजरकैदेत ठेवण्याचे ठरले. नागपूरहून निघालेला हा काफिला जबलपूरपासून एका मुक्कामाच्या अंतरावर असताना, मे १८१८ च्या मध्यास, पहाऱ्यावरील काही शिपाई फितूर झाले आणि अप्पासाहेब शिपायाच्या वेशात रात्री निसटले.

येथून नागपूरच्या गादीला दूरचा दावेदार मिळाला. अप्पासाहेबांनी महादेवाच्या डोंगररांगांचा आश्रय घेतला. हर्रईचे गोंड जमीनदार चैनशहा यांनी त्यांना थारा दिला. विखुरलेले अरब शिपाई, गोंड लढवय्ये आणि पेंढारी नायक चितू अशी माणसे त्यांच्याभोवती जमली. राज्य गमावलेल्या राजाभोवती इतकी माणसे जमावीत, यातच दावेदारीचे सामर्थ्य दिसते. ज्यांना नव्या राजवटीत स्थान उरलेले नव्हते, त्या सर्वांना एक नाव मिळाले होते.

पहिला उपाय : गादी रिकामी न ठेवणे

कंपनीने दोन मार्ग एकाच वेळी अवलंबले. पहिला मार्ग लष्करी होता. डोंगरांत तुकड्या पाठवण्यात आल्या, अप्पासाहेबांना पकडून देणाऱ्यास मोठे इनाम जाहीर झाले आणि आश्रय देणाऱ्यांची धरपकड झाली. फेब्रुवारी १८१९ मध्ये अप्पासाहेब वेढ्यातून निसटून असीरगडाच्या दिशेने गेले. त्यांच्यासोबत असलेल्या चितूला जंगलात वाघाने ठार केले. शिंद्यांच्या ताब्यातील असीरगडाला कंपनीच्या फौजांनी वेढा घातला आणि ९ एप्रिल १८१९ रोजी किल्ला हस्तगत केला. अप्पासाहेब मात्र तेथे सापडले नाहीत.

दुसरा मार्ग अधिक परिणामकारक ठरला. जून १८१८ मध्येच, म्हणजे अप्पासाहेब डोंगरात असताना, दुसऱ्या रघूजींच्या कन्येच्या अल्पवयीन मुलास दत्तक विधानाने तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसवण्यात आले. राजवाड्याची व्यवस्था दुसऱ्या रघूजींच्या पत्नी बाकाबाई यांच्याकडे आणि राज्याचा कारभार प्रत्यक्षात रेसिडेंटकडे राहिला. राजा लहान होता, पण गादी रिकामी नव्हती. रिकामी गादी हे दूरच्या दावेदाराला उघड निमंत्रण असते. घराण्यातील मान्य वारस तेथे बसला, की बाहेरच्या माणसाचा दावा हळूहळू बंडखोरीत जमा होतो. अप्पासाहेबांच्या बाबतीत हेच घडले.

पुढे अप्पासाहेब पंजाबकडे गेले. परंतु कंपनीशी वैर ओढवून घेण्याची महाराजा रणजितसिंह यांची इच्छा नव्हती. अखेर त्यांनी जोधपूर गाठले आणि तेथील महामंदिरात आश्रय घेतला. कंपनीने त्यांची मागणी केली, तेव्हा शरण आलेल्यास सोपवणे आपल्या धर्मात बसत नाही, अशी भूमिका जोधपूरचे राजा मानसिंह यांनी घेतली. दहा वर्षांपूर्वी डोंगर पिंजून काढणाऱ्या कंपनीने आता मानसिंहांच्या हमीवर समाधान मानले. १८४० मध्ये अप्पासाहेबांचे जोधपूर येथेच निधन झाले.

कंपनी अचानक उदार झाली, असे नव्हे. अप्पासाहेब तेच होते आणि त्यांचा हक्कही तोच होता. बदलली होती ती नागपूरची स्थिती. तिसरे रघूजी वयात आले होते आणि राज्यकारभार त्यांच्याकडे सोपवला जात होता. दावेदाराचे भय त्याच्या बळावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते सत्ताधीशाच्या स्थैर्यावर अवलंबून असते.

दुसरा उपाय : दावा खोटा ठरवणे

मराठ्यांच्या इतिहासात या प्रश्नाचे आणखी दोन पैलू दिसतात. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून शाहू महाराजांची सुटका झाली. मराठ्यांत गादीचा वाद उभा राहावा, हा मोगलांचा हिशेब त्यामागे होता. महाराणी ताराबाई यांनी आपल्या पुत्राचा हक्क पुढे करून, आलेला शाहू हा तोतया असल्याची भूमिका घेतली आणि फौज पाठवली. परंतु ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या लढाईच्या वेळी सेनापती धनाजी जाधव शाहूंच्या पक्षाला मिळाले. दावेदाराला खोटे ठरवण्याचा उपाय सरदारांचा विश्वास असेपर्यंतच चालतो. सातारा आणि कोल्हापूर यांच्यातील हा वाद अखेर १७३१ च्या वारणेच्या तहाने, सीमा ठरवून मिटला.

खऱ्या तोतयाचे प्रकरण १७७६ मध्ये घडले. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ जिवंत असल्याचा विश्वास अनेकांच्या मनात होता. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनीही वैधव्य स्वीकारले नव्हते. बुंदेलखंडात प्रकट झालेल्या एका कनोजी ब्राह्मणाने आपणच भाऊ असल्याचा दावा केला. थोरल्या माधवरावांच्या काळात त्यास पकडून चौकशी झाली आणि तो कैदेत पडला. १७७६ मध्ये रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला मुक्त केले आणि पाहता पाहता कोकणातील अनेक किल्ले त्याच्या ताब्यात गेले.

ज्या तोतयाला माधवरावांच्या काळात पुण्यात कोणी उभे केले नाही, त्याच्यामागे १७७६ मध्ये हजारो माणसे उभी राहिली, याचे कारण पुण्यातच होते. गादीवर दोन वर्षांचे सवाई माधवराव होते, कारभार नाना फडणवीस व सखारामबापूंच्या हाती होता आणि राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाने पेशवाईवर हक्क सांगत होते. पुणे दरबाराने महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांना धाडले. पराभूत तोतया समुद्रमार्गे निसटत असता आंग्र्यांच्या हाती लागला आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्यास देहान्त शिक्षा झाली.

तिसरा उपाय : दावेदार हाताशी ठेवणे

त्याच सुमारास नर्मदाकाठी मराठे नेमक्या उलट भूमिकेत होते. गढा-मंडल्याच्या गोंड राज्यात राजा निजामशहा यांच्यानंतर नरहरशहा आणि सुमेरशहा यांच्यात गादीचा वाद सुरू झाला. पेशव्यांच्या वतीने सागरचा कारभार पाहणाऱ्या मराठ्यांनी या वादात हात घातला. एका दावेदाराला दुसऱ्याचे भय दाखवणे हा शेजारच्या राज्यात शिरण्याचा स्वस्त मार्ग होता. १७८१ मध्ये नरहरशहा पदच्युत झाले आणि राज्य सागरच्या मराठ्यांच्या अमलाखाली गेले. नरहरशहांचा अंत खुरईच्या किल्ल्यात कैदेत झाला. १७९० च्या दशकाच्या अखेरीस हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८१८ मध्ये कंपनीकडे आला.

सुमेरशहांचे पुत्र शंकरशहा कंपनीच्या काळात जबलपूरजवळ निवृत्तिवेतनावर राहत होते. ना फौज, ना किल्ला. उरला होता तो वंशाचा मान. १८५७ मध्ये जबलपूरच्या ५२ व्या पलटणीत असंतोष पसरला, तेव्हा डेप्युटी कमिशनर क्लार्क यांनी एका चपराशाला फकिराच्या वेशात त्यांच्याकडे पाठवून माहिती काढली. घराच्या झडतीत देवीला शत्रुनाशाची प्रार्थना करणारा कागद सापडला. अटकेनंतर अवघ्या काही दिवसांत, १८ सप्टेंबर १८५७ रोजी, शंकरशहा आणि त्यांचे पुत्र रघुनाथशहा यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले.

एका प्रार्थनेच्या कागदावरून इतकी कठोर शिक्षा का झाली, याचे स्पष्टीकरण अप्पासाहेबांच्या उदाहरणात मिळते. जोधपूरच्या दावेदाराला मरेपर्यंत राहू देणारी कंपनी १८५७ मध्ये स्वतःच्याच शिपायांविषयी साशंक होती. परंतु या शिक्षेने हेतू साध्य झाला नाही. त्याच रात्री ५२ वी पलटण छावणी सोडून निघून गेली. लगतच्या रामगडच्या राणी अवंतीबाई यांनीही शस्त्र उचलले. त्यांचे राज्य कंपनीने कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या देखरेखीखाली घेतले होते. १८५८ मध्ये त्यांना वीरमरण आले. बरगी येथील धरणाचा जलाशय आज राणी अवंतीबाई लोधी सागर या नावाने ओळखला जातो.

नागपूरच्या गादीचा शेवट मात्र कोणत्याही दावेदारामुळे झाला नाही. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. राजघराण्याने दत्तक घेतलेला वारस अमान्य करून लॉर्ड डलहौसी यांनी १८५४ मध्ये राज्य खालसा केले. १८१८ मध्ये अप्पासाहेबांचा दावा मोडण्यासाठी कंपनीला नागपूरच्या गादीवर दत्तक वारस हवा होता, म्हणून तेव्हा दत्तक विधान वैध ठरले. छत्तीस वर्षांनंतर डोंगरात कोणी दावेदार उरला नव्हता आणि तेच दत्तक विधान अवैध ठरले.