खदानीतला अपघात : तकदीर आणि हक्क

नागपूरच्या गिट्टीखदान वस्तीचे नावच सांगते की या शहराच्या घरांना आणि रस्त्यांना दगड कुठून मिळाला. आता खदानी शहराबाहेर गेल्या आहेत. उमरेड मार्गावर पाचगावच्या बाजूला क्रशर चालतात. टिप्परवर, पोकलेनवर, गिट्टीच्या पट्ट्यावर राबणाऱ्यांत आपल्या मोहल्ल्यातले भाईही असतात.

अपघात झाला की घरात एकच वाक्य उमटते, "तकदीर में लिखा था." मौत अल्लाहच्या हाती आहे, हे खरेच. पण मागे येणाऱ्या टिप्परला इशारा द्यायला कुणी नसणे, चालत्या पट्ट्याला जाळी नसणे, ही माणसाची कसूर आहे. खदानीची भिंत खालून पोखरू नये, पायऱ्या पाडून खोदावे, खास परवानगीशिवाय पायरी 6 मीटरपेक्षा उंच ठेवू नये, असे 1961 चे खाण नियम सांगतात. 14 नोव्हेंबर 2022 रोजी मिझोरमच्या ह्नाहथियाल जिल्ह्यात दगडाची खदान कोसळली, तेव्हा मजुरांबरोबर पोकलेनही गाडले गेले. लोखंडी केबिनमध्ये बसला म्हणून माणूस वाचतोच असे नाही.

शाळा सोडून क्लीनर म्हणून जाणाऱ्या मुलांच्या पालकांना एक सांगणे आहे. 18 वर्षांखालील मुलाला खदानीत कामाला लावणे कायद्याने मना आहे.

आता हक्काची गोष्ट. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याने घालून दिलेला हिशेब असा : मृत्यू झाल्यास निम्मा पगार गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. वय 30 आणि पगार 15,000 धरला, तर 7,500 गुणिले 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. हा कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. कामगार ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत.

प्रत्यक्षात काय होते? दफनविधीनंतर कुणीतरी पाकीट आणि एक कागद घेऊन येतो. "भाभी, इथे सही करा." अशी सही करू नका. मृत्यूची भरपाई अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. परस्पर हातात दिलेले पैसे, थोडी आगाऊ रक्कम सोडली, तर भरपाईत धरले जात नाहीत. हक्क सोडल्याचा लेखी करारही टिकत नाही. दाव्याला दोन वर्षांची मुदत असते, इद्दत चार महिने दहा दिवसांची. घाई मालकाला असते, आपल्याला नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

म्हणून आज रात्री जेवताना घरात एवढे विचारून लिहून ठेवा : खदान कुणाच्या नावावर आहे, ठेकेदार कोण, पगार किती आणि तो रोख मिळतो की खात्यात. हजेरीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. अपघात झालाच, तर पंचनामा आणि दवाखान्याचे कागद सांभाळा. सब्र करावाच, पण मुलांच्या हक्कावर पाणी सोडणे म्हणजे सब्र नव्हे.