पडद्यामागचे सूर – ६ : भास्कर चंदावरकर, आवाज कोणाच्या तोंडी?

मागच्या लेखांकात आपण इराणच्या हुसेन अलिजादेह यांच्याविषयी वाचले. तार आणि सेतार या अभिजात वाद्यांत मुरलेला हा कलावंत दिग्दर्शक मखमलबाफ यांच्या ‘गब्बेह’ या चित्रपटासाठी (१९९६) संगीत करतो, तेव्हा वादनातले आपले प्रभुत्व दाखवण्याचा मोह टाळतो. आपल्याकडे असा विचार सर्वांत नेटाने केला तो भास्कर चंदावरकर (१९३६–२००९) यांनी. ते पंडित रविशंकर यांचे शिष्य, सतारवादक आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधले संगीताचे शिक्षक. कन्नडमधल्या ‘वंशवृक्ष’ (१९७१) आणि ‘ओंदानोंदु कालदल्लि’ (१९७८) या चित्रपटांचे संगीत त्यांचे, तसेच मराठीतल्या ‘सामना’चेही. मृणाल सेन यांच्या हिंदी ‘खंडहर’लाही (१९८४) त्यांनीच संगीत दिले. इतक्या वेगळ्या प्रकृतीच्या कामांत त्यांची एकच ठरावीक चाल शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. माझे म्हणणे असे, की त्यांची शैली चालीत नाहीच. कोणता आवाज कोणाच्या तोंडी द्यायचा, या निवडीत ती आहे.

याचा ठळक पुरावा रंगभूमीवर मिळतो. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ जब्बार पटेलांनी १९७२ मध्ये बसवले. नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची, संगीत चंदावरकरांचे. रांगेने उभे राहिलेले ब्राह्मण कधी कीर्तनात रमतात, कधी लावणीच्या ठेक्यावर डोलतात. भक्ती आणि विलास यांसाठी दोन वेगळे गट नेमले असते, तर एक चांगला आणि दुसरा वाईट असा सोपा निवाडा झाला असता. दोन्ही सूर एकाच कंठातून आल्यामुळे ढोंग शब्दांत सांगावे लागत नाही. ते ऐकूच येते. तेंडुलकरांच्याच पटकथेवरचा ‘सामना’ १९७५ साली बर्लिन महोत्सवात पोचला. त्यात लता मंगेशकरांच्या स्वरातले जगदीश खेबुडकरांचे शृंगारगीत आहे आणि रवींद्र साठे यांनी गायलेली आरती प्रभूंची कविताही. चित्रपटातल्या साखरसम्राटाच्या राज्यात कोणाचा भार कोण वाहते, हा प्रश्न ती कविता गाणाऱ्याच्या संयत, जवळजवळ अलिप्त आवाजामुळे अधिक टोचतो. तीच चाल आर्त आळवून गायली असती, तर ऐकणारा हळहळला असता आणि विचार करायचे राहून गेले असते.

यावर कोणी म्हणेल, की लोक गाणी लक्षात ठेवतात. आवाजाची निवड वगैरे जाणकारांच्या गोष्टी. पण ‘सामना’तली गाणीही लोकांच्या लक्षात राहिलीच आहेत. गोडवा आणि प्रयोजन यांत वैर नाही. प्रयोजन सुटले की गोडवा कोणत्याही चित्रपटाला चिकटवता येतो, इतकेच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : प्रत्येक कृतीनुसार बदलणाऱ्याचे स्वतःचे असे काय उरते? उत्तर हे, की बदलतात ती साधने. कसोटी बदलत नाही. हे पात्र, हा समूह या सुरात बोलेल का, हा प्रश्न कीर्तनालाही लागू होतो आणि ‘खंडहर’मधल्या पडक्या वाड्यालाही. सतारीवर हुकमत असलेल्या माणसाने सतार बाजूला ठेवायला लागणारे धैर्य याच कसोटीतून येते, आणि म्हणूनच चंदावरकरांना मी केवळ चांगल्या चालींचे नव्हे, तर स्वतंत्र दृष्टीचे संगीतकार मानतो. पुढच्या लेखांकात : चित्रपटातली शांतता.