हातांचेही शिक्षण

दहावीचा निकाल लागला की परभणी, जिंतूर, सेलू, मानवतच्या घराघरांत पहिला प्रश्न असतो तो गुणांचा. गुण भरघोस असतील तर विज्ञान शाखा आणि लातूर-नांदेडचे शिकवणी वर्ग. नसतील तर काहीशा खालच्या आवाजात, 'मग आयटीआयला घालू.' तंत्रशिक्षणाविषयीची समाजाची सारी उपेक्षा त्या खालच्या आवाजात साठलेली असते.

जिल्ह्यातील कामाचे स्वरूप मात्र झपाट्याने पालटत आहे. कापूस, सोयाबीन, तुरीच्या शिवारांत सौर पंप उभे राहत आहेत आणि आडतीच्या पेढीवरील खतावणी संगणकात गेली आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या येथील कृषी विद्यापीठात ड्रोन, यंत्रमानव व स्वयंचलित अवजारे हे संशोधनाचे आणि प्रशिक्षणाचे विषय झाले आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार चालकाच्या प्रमाणपत्रासाठी वयाची १८ वर्षे, दहावी उत्तीर्णता आणि मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण लागते. पदवीची अट नाही. म्हणजेच या नव्या कामांची पायाभरणी शाळेच्या वर्गातच व्हावयास हवी.

ती कशी व्हावी, याचा वस्तुपाठ महाराष्ट्रातच आहे. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनकार्यानंतर डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम उभारला. तेथे घडलेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम पुढे राज्यातील अनेक माध्यमिक शाळांत पोहोचला. आठवी ते दहावीची मुले-मुली आठवड्यातील एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन ही कामे हातांनी करतात. वेल्डिंग करताना धातूचे गुणधर्म उमगतात, बांधकामाचा खर्च काढताना गणित पक्के होते. गावाला उपयोगी पडणारी वस्तू किंवा सेवा देऊनच हे शिक्षण पूर्ण होते.

जैन समाजाला ही दृष्टी परकी नाही. कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापून 'कमवा आणि शिका' हा मार्ग श्रमाच्या प्रतिष्ठेवर उभा केला. सोलापूरच्या व्यापारी घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी पेढीचा उंबरठा ओलांडून जहाज, विमान आणि मोटार यांच्या उद्योगांत पाऊल टाकले. पेढी आणि कार्यशाळा यांत वैर नाही, हेच या दोन जीवनांतून दिसते.

आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, हा समजही खरा नाही. इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार कारखान्यात विद्यावेतनासह अनुभव मिळतो. पात्रतेनुसार पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट खुली असते. रोजगार हाती ठेवून उंची गाठण्याचा हा जिना आहे.

तथापि केवळ एक यंत्र चालविता येणे पुरेसे नाही. ते यंत्र उद्या बदलेल. टिकते ते पक्के गणित, आरेखन वाचण्याची दृष्टी, माहितीपुस्तिका समजण्याइतके इंग्रजी आणि पुन्हा विद्यार्थी होण्याची तयारी.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालविण्याची सूचना केली आहे. ज्यांच्या जिनिंग, डाळमिल, कर्मशाळा वा पेढ्या आहेत, त्यांनी सुरक्षिततेची काळजी घेऊन त्या दिवसांसाठी आपली दारे उघडावीत. मुलांइतकेच मुलींनाही तेथे न्यावे. इलेक्ट्रिशियनचे काम मुलीचे नव्हे, हा समज पुस्तकी व्याख्यानापेक्षा अशा एका भेटीने लवकर गळून पडेल.

पुढील निकालाच्या दिवशी गुणांबरोबर आणखी एक प्रश्न विचारला जावा : 'तुझ्या हातांना काय करायला आवडते?' त्या प्रश्नाचे उत्तर आयटीआय असेल, तर ते मोठ्या आवाजात सांगता यावे.